टोपीपुरता ससा

मनालीच्या हिडिंबा मंदिराच्या आवारात देवदारांखाली काही बायका पांढरेशुभ्र, गुबगुबीत अंगोरा ससे कवेत घेऊन उभ्या असतात. ससा पर्यटकाच्या हाती द्यायचा, फोटो काढू द्यायचा, थोडे पैसे घ्यायचे, असा साधा व्यवहार. मे महिन्यात महाराष्ट्रातून कुलू-मनालीला जाणाऱ्या कुटुंबांच्या फोटोंत हा ससा हमखास असतो. तिथून बाजारात उतरलं की त्याच सशाच्या नावाने टोप्या, मफलर, शाली मांडलेल्या दिसतात. दुकानदार 'हात लावून बघा' म्हणतो, हात लावला की माल मऊ लागतो, आणि मऊ लागला म्हणजे तो अंगोराचाच असणार, असं गिऱ्हाईक परस्पर ठरवून टाकतं. मऊपणा तर ॲक्रिलिकलाही आणता येतो. खरा अंगोरा कुठे वापरावा आणि मुख्य म्हणजे किती वापरावा, ही चौकशी सहसा कोणी करत नाही. माझं म्हणणं असं, की सशाच्या लोकरीची योग्य जागा हाताने विणलेल्या टोपीत आहे, आणि तिथेही तिचं प्रमाण पाचवा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा एवढंच असावं. टोपीला ती इतकी थोडी लागते म्हणूनच, ज्या जनावराच्या अंगावरून ती उतरवली त्याचे हाल झाले का, हे विचारता येतं आणि त्याचं उत्तर मिळण्याचीही शक्यता असते. स्वेटर आणि शालींच्या हिशेबात तो प्रश्न विचारायला कोणी सापडत नाही, उत्तर द्यायला तर नाहीच.

लोकरीचा मऊपणा हा मुख्यतः तंतूच्या जाडीचा भाग आहे. ही जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीला टोचतो. त्याहून बारीक तंतू टोचण्याआधीच वाकतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड्याभरड्या तंतूंची, म्हणून घोंगडी अंगाला खाजते, आणि म्हणूनच ती रानावनात, पावसापाण्यात वर्षानुवर्षं टिकते. बारीक मेरिनो १८-१९ मायक्रॉनच्या आसपास, पश्मिना त्याहून बारीक, आणि अंगोरा सशाचे आतले मऊ केस साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे. शिवाय हा केस भरीव नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याच्या गाभ्यात हवेचे कप्पे शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. त्यामुळे तो वजनालाही हलका: मेंढीच्या लोकरीची घनता घनसेंटिमीटरला १.३१ ग्रॅमच्या आसपास, तर अंगोराची १.१५ ते १.१८. या सगळ्यावरून विक्रेते 'मेंढीच्या लोकरीपेक्षा सात पट गरम' असा आकडा सांगतात. तो मनावर घेऊ नये. ऊब तंतूंनी अडवून धरलेल्या स्थिर हवेमुळे येते, म्हणजे सूत कसं कातलं, वीण किती घट्ट, वारा किती, यावर ती ठरते. त्याच अंगोराची सैल जाळीदार टोपी रोहतांग खिंडीच्या वाऱ्यात काही कामाची नाही. वजनाच्या मानाने अंगोरा बराच गरम आहे, इतकं म्हणणं रास्त. पटींचा हिशेब दुकानातल्या पाटीवर सोडून द्यावा.

आता दोष. मेंढीच्या केसाला नैसर्गिक कुरळेपणा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावरचे खवले उठावदार असतात. त्यामुळे केस एकमेकांना धरून राहतात, आणि ताणलेलं कापड पुन्हा मूळ आकाराला येतं. सशाचा केस जवळजवळ सरळ आणि गुळगुळीत. तो सुतातून निसटतो, काळ्या कोटावर पांढरा कापूस सांडल्यासारखा पसरतो, आणि ताणला की ताणलेलाच राहतो. निव्वळ अंगोराच्या स्वेटरची कोपरं लोंबतात, खाकेत आणि मनगटाशी घासून गोळे धरतात, आणि बंद खोलीत तो अंगात ठेववत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर अशा स्वेटरांची मोठी टूम होती. एड वुड या चित्रपट-दिग्दर्शकाने तर १९५३च्या 'ग्लेन ऑर ग्लेंडा'मध्ये अंगोराच्या स्वेटरला जवळपास एक पात्रच करून टाकलं. केस गळू नयेत म्हणून स्वेटर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला त्या काळापासून चालत आला आहे. ज्या वस्त्राला बर्फाच्या कप्प्यात जपावं लागतं, त्याची वापरातली जागा कुठेतरी चुकली आहे असं समजायला हरकत नाही.

टोपीत यांतले बहुतेक दोष बोथट होतात. टोपीला कोपर नसतं, खाक नसते. ती कशाला घासली जात नाही, दिवसातून दोनचार वेळा घालायची-काढायची, एवढंच. कपाळाची आणि कानामागची कातडी नाजूक असते, तिथे बारीक तंतूचा फायदा थेट जाणवतो. गरम झालं तर टोपी काढून खिशात टाकता येते. स्वेटरचं तसं नाही. राहता राहिला ताणाचा प्रश्न, आणि त्याला विणणाऱ्यांकडे जुनं, साधं उत्तर आहे: टोपीचा काठ निव्वळ मेंढीच्या लोकरीचा, एक सुलट-एक उलट असा, थोड्या बारीक सुयांवर विणायचा आणि अंगोरामिश्रित सूत काठ संपल्यावर सुरू करायचं. डोकं धरून ठेवण्याचं काम लोकर करते, गाल आणि कान गोंजारण्याचं काम ससा. वरच्या भागाला सुई अर्ध्या आकाराने मोठी घ्यावी, टाके किंचित विरळ दिसू द्यावेत. पहिल्या दिवशी अशी टोपी अगदी सामान्य दिसते. पंधरा-वीस दिवस वापरल्यावर केसांची टोकं सुतातून बाहेर येतात, टाक्यांमधल्या फटी भरून निघतात, आणि कडेने ती धुक्यासारखी झालर दिसू लागते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

केस गळण्याचा बंदोबस्त मात्र टोपीच्या आधी, सुतातच करावा लागतो, आणि हाताने कातणाऱ्यांची ही रीत बघण्यासारखी आहे. सशाचे केस मेरिनोबरोबर पिंजून पेळू करतात, कातताना नेहमीपेक्षा थोडा जास्त पीळ देतात, दोन पदर एकत्र वळतात. मग लडी साबणाच्या कडकडीत पाण्यात बुडवून दाबायची, उचलून एकदम गार पाण्यात टाकायची, पुन्हा गरम, पुन्हा गार. शेवटी पिळून लडीचं एक टोक हातात धरायचं आणि दुसरं स्वच्छ ओट्यावर सटासट आपटायचं. लोकरीच्या सुताला असं कोणी वागवलं तर घरातली अनुभवी बाई त्याच्या हातून लडी काढून घेईल, कारण गरम-गारेच्या धक्क्याने लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. इथे नेमकं तेच थोडंसं हवं असतं. सुताच्या गाभ्यातले तंतू एकमेकांत अडकतात, सशाच्या केसाचं एक टोक पक्कं धरलं जातं आणि दुसरं मोकळं राहतं. बाजारातल्या यंत्रावरच्या स्वस्त मिश्रणाला हा सोपस्कार मिळत नाही. 'अंगोरा गळतो' ही तक्रार खरी आहे, पण तिच्यातला निम्मा दोष घाईचा असतो.

टोपीची बाजू घेताना एका खोट्या साक्षीदाराला बाजूला करायला हवं. शरीरातली ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यावाटे जाते, हे वाक्य टोपी विकणाऱ्यांच्या तोंडी कायम असतं. त्याचा उगम १९७०च्या एका अमेरिकी लष्करी पुस्तिकेपर्यंत जातो. त्यामागच्या जुन्या प्रयोगात माणसांना सर्वांगावर ध्रुवीय थंडीचा पोशाख घातला होता आणि डोकं उघडं ठेवलं होतं; उघडं काय ठेवलं तर डोकं, म्हणून उष्णता तिथूनच गेली. रेचेल व्रीमन आणि ॲरन कॅरोल या डॉक्टरांनी २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा समज खोडून काढला. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात जाते. तरीही टोपीला अर्थ आहे. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत राखतात; डोक्याच्या कातडीतल्या तशा फारशा आकसत नाहीत. कान पातळ, त्यात चरबी नाही, वारा लागला की आधी तेच ठणकतात. एवढं कारण पुरेसं आहे, त्याला ४५ टक्क्यांचं ठिगळ नको. आणि हेही ओघाने मान्य करावं, की डिसेंबरातल्या पुण्याला, जिथे पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी तिशीला टेकलेला, अंगोराच्या टोपीची गरज नाही. तिथे सुती कानटोपी भागवते. ही वस्तू लाहौल, लडाख, किंवा टोरांटो-शिकागोत बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाची.

आता त्या हिशेबाकडे येतो, ज्यावर माझी सगळी भिस्त आहे. हाताने विणलेली मोठ्या माणसाची टोपी ६० ते ८० ग्रॅम सुतात होते. ७० धरले आणि त्यात पाचवा हिस्सा अंगोरा घातला तर १४ ग्रॅम. जर्मन अंगोरा जातीचा चांगला पोसलेला ससा वर्षाला किलोच्या घरात लोकर देतो. डोंगरातल्या साध्या गोठ्यात ती अर्धा-पाऊण किलो धरू. कातरणी दर अडीच महिन्यांनी, म्हणजे वर्षाला चार-पाच वेळा, एका वेळी सव्वाशे-दीडशे ग्रॅम. एका सशाच्या एका कातरणीत आठ-दहा टोप्यांची सोय होते. उलट, ४०० ग्रॅमच्या स्वेटरमध्ये ७० टक्के अंगोरा घातला तर एकाच स्वेटरला २८० ग्रॅम, म्हणजे दोन कातरण्या लागल्या. पहिल्या हिशेबात दहा-बारा ससे पाळणारी एक बाई आणि वर्षभर विणणारा एक छोटा गट एकमेकांना पुरे पडतात; ससा कोणाचा, कातरला कोणी, हे विणणारीला ठाऊक असतं. दुसऱ्या हिशेबात हजारो पिंजरे लागतात, मग कंत्राटदार, मग दलाल, मग गिरणी, आणि सशाचं तोंड कोणीच पाहिलेलं नसतं.

हे काल्पनिक नाही. जगातला ९० टक्क्यांच्या आसपास अंगोरा चीनमधून येत असे, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये 'पेटा' या संघटनेने तिथल्या काही फार्मांवरचं चित्रण प्रसिद्ध केलं. ताणून बांधलेले ससे, जिवंतपणी मुठीमुठीने उपटले जाणारे केस आणि त्यांच्या किंकाळ्या. एरवी ससा फारसा आवाज करत नाही. तो ओरडतो तेव्हा प्राणांतिक भीती किंवा वेदनाच असते. एच अँड एमसारख्या कंपन्यांनी काही आठवड्यांतच अंगोराचं उत्पादन थांबवलं; झारा चालवणाऱ्या इंडिटेक्सने २०१५च्या सुरुवातीला तो कायमचा सोडला. मग फ्रान्समधल्या एका प्राणिहक्क संघटनेने २०१६ साली आपल्याच देशातल्या फार्मांवरचे उपटण्याचे प्रकार उघडे केले, तेव्हा 'चिनी माल वाईट, युरोपी चांगला' ही सोयीची वाटणीही मोडली. उपटलेला केस टोकदार आणि लांब राहतो, त्याला बाजारात भाव जास्त मिळतो. क्रौर्याचं मूळ या भावफरकात आहे, कुठल्या एका देशाच्या स्वभावात नाही.

कातरणी ही वेगळी गोष्ट आहे. सराईत हाताला कात्रीने अर्धा तास, यंत्राने त्याहून कमी वेळ लागतो. सशाची कातडी कागदासारखी पातळ, म्हणून ती ताणून धरून केसांची एकेक ओळ घ्यावी लागते. घाई केली की चीर पडते. कातरल्यावर पहिले काही दिवस ससा उघडा पडतो, कडाक्याच्या थंडीत त्याला जपावं लागतं. इंग्लिश आणि फ्रेंच अंगोरांचे केस ऋतुमानाप्रमाणे सुटतात आणि तेव्हा ते फणीने विंचरून घेता येतात. जर्मन जातीचे आपसूक सुटत नाहीत. ते कातरले नाहीत तर जटा होतात, ससा स्वतःला चाटताना केस गिळतो, आणि सशाला उलटी करता येत नसल्याने पोटात गोळा अडकून तो मरू शकतो. पाळणारे या गोष्टीचा आधार घेऊन सांगतात की कातरणं हे उपकारच आहेत. हा युक्तिवाद अर्धाच खरा. हातात असलेल्या सशाला कातरलं पाहिजे, हे निर्विवाद. पण माणसाच्या कात्रीशिवाय जगू न शकणारी जात माणसानेच घडवली, आणि नवी पिल्लं जन्माला घालायची की नाही, हा प्रश्न त्या उपकाराने सुटत नाही. प्राण्यापासून काहीच घ्यायचं नाही असं ज्याने ठरवलं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्याने ही टोपी घालू नये. मात्र जो मेंढीची लोकर घालतो, दूध पितो, त्याने सशापाशी येऊन अचानक सोवळं होण्यात संगती नाही. त्याने कात्री की मूठ, एवढं विचारावं.

टोपीचा आणि सशाचा जुना संबंध तर याहून काळा आहे. साहेबी फेल्ट हॅट बनते ती बहुधा सशाच्या कातड्यावरच्या केसांपासून, म्हणजे ससा मारून. हे केस एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ते पाऱ्याच्या नायट्रेटमध्ये भिजवत. त्या वाफांनी कारागिरांचे हात थरथरत, बोलणं अडखळे, स्वभाव बिघडे. अमेरिकेतल्या डॅनबरी या हॅटांच्या गावात त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. तिथे पाऱ्याचा वापर थांबायला १९४१ उजाडलं. म्हणजे जनावर आणि माणूस दोघेही या धंद्यात भरडले गेले, आणि हा मुद्दा विसरायचा नाही. फक्त सशाचे हाल होत नाहीत हे बघून लोकर निर्दोष ठरवता येत नाही, याचा सगळ्यात भीषण पुरावा नाझी जर्मनीत आहे. हिमलरच्या एसएस या संघटनेने छळछावण्यांच्या आवारात अंगोरा सशांचे फार्म चालवले. १९४३पर्यंत ३१ छावण्यांत सुमारे ६५,००० ससे होते. त्यांच्या स्वच्छ, ऐसपैस घरांच्या छायाचित्रांचा एक अल्बम १९४५ साली शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकार सिग्रिड शुल्ट्झ यांच्या हाती लागला आणि तो आज अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या इतिहाससंस्थेत आहे. ससे छान होते. कुंपणापलीकडे माणसं उपाशी मरत होती. म्हणून 'ससा सुखात आहे' हे प्रमाणपत्र जरूर मागावं, पण कातणारीला दिवसाचे किती मिळतात हेही त्याच दमात विचारावं.

हा प्रश्न आपल्याला कुलूकडे परत नेतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं एक केंद्र कुलू जिल्ह्यात गडसा इथे आहे. जर्मन अंगोरा ससे तिथे १९८०च्या दशकात आणून त्यांची पैदास झाली आणि हिमाचलच्या शेतकऱ्यांना ते पाळायला दिले गेले. हवा थंड, चारा हाताशी, जागा थोडी, काम बायकांना घरात राहून जमणारं. कागदावर सगळं जुळत होतं. कुलूच्या खड्ड्यांवर, म्हणजे तिथल्या हातमागांवर, अंगोरा मेरिनोच्या संगतीने शालींत शिरला. १९४४ साली स्थापन झालेल्या भुट्टी विणकर सहकारी संस्थेसारख्या ठिकाणी तो आजही मिळतो. पण शेतकऱ्याची गणितं स्वस्त आयात मालाने बिघडवली. ज्याला सशाची लोकर किलोने विकायची आहे, त्याची स्पर्धा थेट त्या हजारो पिंजऱ्यांशी, आणि त्या स्पर्धेत तो हरणारच. इथे एक रोकडा आक्षेप येतो: थोडकं, ओळखीतलं, सावकाश हे सगळं वाचायला बरं, पण चौदा-चौदा ग्रॅमनी कोणाचं घर चालणार? माझ्या मते घर चाललं तर चौदा ग्रॅमनीच चालेल. किलोचा भाव चीन ठरवतो. टोपीचा भाव टोपीवाली ठरवू शकते, कारण तिच्यातला बहुतांश पैसा कताई आणि विणकामाचा असतो, तंतूचा नसतो. सशाची लोकर विकणारी बाई कच्च्या मालाची पुरवठादार. तीच लोकर कातून टोपी विकणारी कारागीर. हा पूरक धंदा आहे, सफरचंदाच्या जोडीचा. त्या एकट्यावर संसार उभा राहील असं ज्या योजनांनी भासवलं, त्यांनी लोकांना फसवलंच म्हणायचं. आणि हे महाराष्ट्रात करून बघण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने आवरावा. या दाट केसांच्या जनावराला तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. मराठवाड्यातल्या शेडमध्ये त्याला ठेवणं हा निव्वळ छळ आहे.

एका ठिकाणी मात्र टोपीलाही माझा नकार आहे: बाळाच्या टोपड्याला. बारशाला द्यायला अंगोराचं मऊ टोपडं सगळ्यांना सुचतं, आणि विणणाऱ्यांच्या नमुन्यांतही ते पुष्कळ दिसतं. पण तान्हं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. सुटे केस नाकातोंडात जातात. शिवाय त्याला जास्त ऊब झाली हे सांगता येत नाही आणि टोपडं स्वतः काढता येत नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत जे दोष टोपीत बोथट होतात, ते बाळाच्या डोक्यावर पुन्हा धारदार होतात. मेरिनोचं साधं टोपडं पुष्कळ झालं. दम्याच्या माणसानेही जपून राहावं. सशाची ॲलर्जी मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, ती धुण्याने कमी होते, शून्य होत नाही.

उरला अस्सल-नकलीचा घोळ. कुलूच्या शालीला भौगोलिक मानांकन आहे, तरी लुधियाना-अमृतसरच्या यंत्रमागांवरचा माल त्या नावाने विकला जातो, ही तिथल्या विणकरांची जुनी तक्रार. अंगोराच्या टोपीला तर तेवढंही संरक्षण नाही. सुताचा तुकडा जाळून बघितला तर ॲक्रिलिक ओळखू येतं: ते वितळून त्याची कडक गाठ होते, लोकर केस जळल्यासारखा वास देऊन भुरभुरते. पण मेंढी आणि ससा यांच्यातला फरक आगीला कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि ती हवेच्या कप्प्यांची शिडीच बघावी लागते. त्यात भर म्हणजे अंगोरा नावाची शेळीही आहे, तिची लोकर म्हणजे मोहेर, आणि दुकानदाराला दोघांची सरमिसळ फायद्याची पडते. तेव्हा गिऱ्हाईकाच्या हातात टक्केवारी विचारणं एवढाच उपाय आहे. 'शंभर टक्के अंगोरा' असं सांगणाऱ्याकडची टोपी एकतर खोटी किंवा वाईट बनवलेली. खरी असली तरी ती महिन्याभरात ढिली पडून भुवयांवर येईल. '८० टक्के मेरिनो, २० टक्के अंगोरा, कातरलेला, गावात कातलेला' अशी चिठ्ठी लावून टोपी विकणारा दुकानदार कुलूच्या बाजारात आज तरी शेजारच्या 'प्युअर'वाल्याकडे गिऱ्हाईक गमावेल. गिऱ्हाइकांत मराठी माणसंही कमी नसतात, आणि घासाघीस करताना ती रुपयांबद्दल जितकं विचारतात त्याच्या पावपटही या चिठ्ठीबद्दल विचारत नाहीत.